लोपेझ लोमाँग

आज दिवसभर डोक्यात एकच माणूस आहे, अमेरिकेचा धावपटू लोपेझ लोमाँग. सकाळी त्याची एक जुनी मुलाखत बघायला घेतली आणि मग बाकीचं सगळं बाजूलाच राहिलं.

दक्षिण सुदानमधला पोरगा, सहा वर्षांचा असताना बंडखोरांनी चर्चमधून आईच्या हातातून ओढून नेला, तिथे कैदेत असलेल्या मोठ्या तीन मुलांनी त्याला तळाच्या कुंपणाखालून बाहेर काढलं आणि ते तीन दिवस पळत केनियात पोचले. मग दहा वर्षं काकुमाच्या निर्वासित छावणीत. तिथे फुटबॉल खेळायला मिळावा म्हणून आधी छावणीभोवती पळायचं आणि ती फेरी जवळजवळ ३० किमीची, तीही अनवाणी! पोटात काय तर बहुतेक दिवस एक वेळचं जेवण.

२००० साली पैसे देऊन, मैलोन् मैल चालत जाऊन त्याने एका ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर मायकल जॉन्सनला ऑलिंपिकमध्ये पळताना बघितलं, तिथेच त्याचं ठरलं. पुढच्याच वर्षी तो अमेरिकेत एका कुटुंबात गेला, २००७ ला नागरिकत्व आणि २००८ ला बीजिंगमध्ये अमेरिकेच्या टीमचा झेंडा त्याच्या हातात!! तिथे तो १५०० मीटर पळाला, लंडनला ५००० च्या फायनलमध्ये दहावा आला. ऑलिंपिक मेडल नाही मिळालं, पण मला खरंच त्याने काही फरक पडत नाही.

लोक म्हणतात संकटांनी त्याला घडवलं. मला नाही पटत हे. त्याला वाचवलं ते त्या तीन मुलांनी, आणि तीही लहानच होती हो!