तुम्ही विचारलंत म्हणून: कोकणातली असून पावसाला घाबरतेस?

दर ऑक्टोबरला कुणीतरी विचारतंच, रत्नागिरीची ना तू, मग तिकडच्या चार सरींना काय घाबरतेस? आता एकदाच सांगते.

आम्ही पायपोर्तात राहतो, स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहराला लागून. इथे वर्षाचा पाऊस जेमतेम साडेचारशे मिलिमीटर, उन्हाळा कोरडा ठणठणीत. गावातून पोयोचा ओढा जातो, तो मी कायम कोरडाच बघितलेला, त्यामुळे दाना, म्हणजे इथलं अचानक कोसळणारं पावसाळी वादळ, येणार म्हणून शेजारी घाबरले की मला खरंच कळायचं नाही. उन्हाळाभर तापलेला समुद्र, वर थंड हवेचा तुटून आलेला तुकडा, पूर्वेचा ओला वारा आणि किनाऱ्याजवळच डोंगर, मग सगळं एकाच जागी कोसळतं, हे मी वाचलेलं होतं. वाचलेलंच फक्त.

२९ ऑक्टोबर २०२४. आमच्या वरच्या अंगाला, डोंगराकडच्या तुरीस गावात एका तासात १८४ मिलिमीटर पाऊस पडला, दिवसभरात ७७१. आमच्याकडे जवळपास काहीच नाही, रस्तासुद्धा धड भिजला नव्हता. संध्याकाळी तळमजल्यावरच्या आजींनी विचारलं, वर येऊ का गं तुमच्याकडे? मी म्हटलं, आजी, पाऊस कुठाय, बसा निवांत. आमच्या कोकणात आधी पाऊस दिसतो, मग पऱ्या, म्हणजे ओढा, फुगतो, माझ्या डोक्यात तेवढंच. साडेसहानंतर अंधारात गाड्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज आला, खाली धावलो तर जिन्यात पाणी छातीपर्यंत, तपकिरी, बोरूच्या काड्यांनी भरलेलं. आजी दाराची कडी धरून उभ्या होत्या, हात सोडायलाच तयार नव्हत्या, नवऱ्याने एकेक बोट सोडवलं आणि आम्ही दोघांनी त्यांना ओढत वर आणलं. मोबाइलवर इशारा आला ८ वाजून ११ मिनिटांनी, तोवर त्या आमच्या पलंगावर कुडकुडत होत्या. प्रांतात सव्वादोनशेच्या आसपास माणसं गेली, कितीतरी तळघरातली गाडी काढायला गेलेली.

इशारा उशिरा आला हे खरंच आहे, त्यावर मी अजून भांडते. पण आजींनी तर मला वेळेत विचारलं होतं ना? कधी वाटतं मला कुठून कळणार होतं, कधी वाटतं त्या जन्मभर इथे राहिलेल्या, मी त्यांचं ऐकायला हवं होतं. दोन्ही वाटतं, अजूनही.

आजी आता मुलीकडे असतात. फोन होतो, हा विषय त्या काढत नाहीत, मीही नाही. आणि ऑक्टोबरात आमच्याकडे लख्ख ऊन असलं तरी तुरीसला काय चाललंय ते मी आधी बघते.