डाकोटाच्या टाक्या

हल्ली माझ्या रिमोटवरच्या विमानांच्या दुकानात रिपेअरला येतं त्यातलं बहुतेक सगळं फोमचं आणि बॅटरीवरचं. कुणाचा ड्रोन झाडात अडकलेला, कुणाच्या विमानाचं नाक तुटलेलं, कुणी लिपो बॅटरीचं कनेक्शन उलटं करून ईएससी, म्हणजे मोटरचा कंट्रोलर, जाळलेला. त्यामुळे ग्लो इंजिनचं ट्विन, म्हणजे मिथेनॉल-एरंडेलाच्या फ्युएलवर चालणाऱ्या दोन इंजिनांचं विमान, दुकानात आलं की बाकीची कामं आपोआप बाजूला पडतात, गिऱ्हाईकं फोन करून बोंबलतात पण करणार काय, एरंडेलाचा तो जळका वास आला की माझं लक्षच लागत नाही दुसरीकडे.

तर त्या शनिवारी दुपारी काका आले. काका म्हणजे एअरफोर्समधून रिटायर झालेले, इंजिन फिटर, सुरुवातीची वर्षं डाकोटावर, म्हणजे हवाईदलाच्या जुन्या दोन इंजिनांच्या मालवाहू विमानावर, काढलेली. त्यामुळे घरी स्वतः बांधलेलं मॉडेलही डाकोटाच, १/१२ स्केलचं, म्हणजे विंगस्पॅन ८ फुटांच्या आसपास, वजन सात किलोच्या वर, दोन ४६ साइजची (०.४६ घनइंच) टू-स्ट्रोक इंजिनं, रिट्रॅक्ट गियर, म्हणजे उडताना आत जाणारी चाकं. शेपटीवर व्हीपी ९०५ लिहिलेलं. २७ ऑक्टोबर १९४७ ला शीख बटालियनचे जवान घेऊन जे पहिलं डाकोटा श्रीनगरला उतरलं त्याचा हा नंबर, आणि २०१८ मध्ये जे जुनं डाकोटा दुरुस्त होऊन हवाईदलाकडे आलं, 'परशुराम', त्यालाही हाच दिलाय. रंगकाम इतकं झकास की दुकानात आलेली दोन पोरं आपला ड्रोन विसरून त्याचाच फोटो काढत बसली.

काकांची ऑर्डर सरळ होती. "अरे, आठ औंसाच्या टाक्या काढ आणि बाराच्या बसव. उजव्या इंजिनाचं फ्युएल आधी संपतंय."

मागणी काही वेडेपणाची नव्हती. सिंगल इंजिनचं विमान असेल तर टाकी संपली की संपली, नाक खाली घाला, ग्लाइड करत आणा, फार तर शेतातून उचलून आणावं लागेल. ट्विनमध्ये गंमत वेगळी आहे. दोन्ही टाक्या एकाच क्षणी कधीच संपत नाहीत, एक इंजिन आधी जातं आणि दुसरं मात्र जोरात ओढतच राहतं, विमान बंद पडलेल्या बाजूला फिरतं, स्पीड कमी असेल आणि तुम्ही घाबरून नुसता एलेरॉन (पंखाच्या मागची हलणारी फळी) मारला तर ते उलटं होऊन खाली येतं. त्या वेळी करायचं असतं ते मनाच्या विरुद्ध, चालू इंजिनाचा थ्रॉटल पहिला खाली घ्यायचा, नाक खाली, शेपटीचा रडर विरुद्ध बाजूला. म्हणून ट्विनवाले टाकी संपेपर्यंत उडवत नाहीत, दोन्हीकडे भरपूर शिल्लक असतानाच उतरतात. मोठी टाकी जास्त वेळ उडायला नसते, जास्त शिल्लक ठेवून उतरायला असते.

पण हिशोब जमत नव्हता. ४६ चं इंजिन फुल थ्रॉटलला मिनिटाला साधारण ३० सीसी पितं. आठ औंस म्हणजे २४० सीसी, म्हणजे सलग फुल थ्रॉटल धरला तरी आठेक मिनिटं, आणि डाकोटा काही कुणी सलग फुल थ्रॉटलवर उडवत नाही, स्केलमध्ये आरामात अर्ध्या थ्रॉटलवर फिरवतात. काका म्हणत होते पाचव्या मिनिटाला उजवं बंद. एकदा उतरल्यावर टॅक्सी करताना बंद पडलं. आणि त्या दिवशी सकाळी लँडिंग जमलं नाही म्हणून गो-अराउंड केला, थ्रॉटल दिला, नाक वर केलं आणि उजवं गेलं. काकांनी ताबडतोब थ्रॉटल बंद करून समोरच्या बाजरी काढलेल्या रानात सरळ बसवलं, काही मोडलं नाही. सत्तरी पार केलेल्या माणसाचे हे रिफ्लेक्स, सलाम आहे.

मी विचारलं टाक्या रिकाम्या केल्या का, तर म्हणाले घाईत तसंच आणलं. एरवी मी यावरून बडबड केली असती, मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, इंजिन आतून गंजतं वगैरे, पण त्या दिवशी तेच कामाला आलं. मेडिकलमधून आणलेली ६० ची सिरिंज घेतली, डाव्या इंजिनाची फ्युएल लाइन काढली आणि ओढलं. सिरिंज भरली, परत अर्धी भरली, म्हणजे नव्वदेक सीसी. मग उजवी. ओढतोय तर नुसती हवा, बुडबुडे, काही नाही.

काका म्हणाले, "बघ, सांगितलं ना, ठणठणीत."

मी पंख धरून विमान थोडं हलवलं आणि उजव्या नॅसेलमधून, म्हणजे पंखावरच्या इंजिनाच्या घरातून, स्पष्ट आवाज आला, डुबुक डुबुक. मी थांबलो, काकांनीपण ऐकलं, दोघं एकमेकांकडे बघतोय. परत हलवलं, परत डुबुक. मग दुकानातल्या पोराला शेपटी उचलून धरायला सांगितली, नाक खाली, आणि सिरिंज ओढली तर मध ओढावा तसं फ्युएल यायला लागलं. जवळजवळ दोन सिरिंज. 'संपलेल्या' टाकीत चालू राहिलेल्या टाकीपेक्षा जास्त माल!

ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. या टाकीच्या आत एक मऊ सिलिकॉन ट्यूब असते आणि तिच्या टोकाला पितळेचा जड तुकडा, त्याला क्लंक म्हणतात. विमान कसंही वळलं तरी क्लंक फ्युएलच्या मागेमागे लोळत जातो, मुख्यतः टाकीच्या मागच्या टोकाला राहतो कारण नाक वर केलं की फ्युएल मागेच जातं. आता डाकोटाला मागे टेलव्हील. गवतावर जरा ब्रेक लागला की नाकावर उभं राहायची त्याला भारी हौस. काकांना विचारलं, मागच्या महिन्यात नाकावर पडलं होतं का. होतं, उजव्या बाजूनेच जास्त, प्रोपपण तुटला होता. तोच तो झटका. क्लंक जोरात पुढे आला, ट्यूब दुमडली आणि पुढच्याच टोकाला अडकून बसली. टाकी भरलेली असताना काहीच कळत नाही कारण पुढेही फ्युएल आहेच, इंजिन मस्त चालतं. निम्मी झाली आणि नाक वर केलं की फ्युएल मागे आणि तोंड पुढे हवेत. टॅक्सी करताना का बंद पडायचं तेही यातच, कारण टेलव्हीलचं विमान जमिनीवर नाक वर करूनच उभं असतं.

टाकी बाहेर काढून उजेडात धरली तर ट्यूबचा यू आकार दिसतच होता. आणि ट्यूब हाताला कडक लागत होती, नवीन असती तर कदाचित आपोआप सरळ झाली असती. मी म्हटलं काका, पन्नास रुपयांच्या ट्यूबचं काम आहे, टाक्या बदलायची गरज नाही.

काका ऐकतील तर शपथ. "ते ठीक आहे रे, पण आठ औंसात मला चैन पडत नाही. गो-अराउंड दोन वेळा करावा लागला तर? तू मोठ्या बसवच."

आणि खरं सांगायचं तर मला पटलं. डाकोटा काही एका फेरीत उतरत नाही, त्याला लांब अप्रोच लागतो, मध्ये कुणाची गाय आली तर परत फिरवा. फक्त बारा औंसाची बसणार नव्हती. खऱ्या डाकोटासारखीच इथेही चाकं नॅसेलमध्ये आत जातात, म्हणजे फायरवॉलच्या (इंजिन बसवलेल्या पाटीच्या) मागे टाकी, तिच्या मागे एक फॉर्मर, म्हणजे लाकडी आडवी चौकट, आणि लगेच चाकाची जागा. बाराची टाकी ठेवून बघितली तर सरळ त्या फॉर्मरच्या पलीकडे जात होती आणि तो कापायचा प्रश्नच नाही, त्यावरच रिट्रॅक्टचे रेल चिकटवलेत, लँडिंगचा सगळा मार तिथे बसतो. दहा औंसाची मात्र लांबीत बसत होती, वरच्या कोपऱ्यात एक बाल्साचा तुकडा घासावा लागला एवढंच.

काकांनी मध्येच आयडिया काढली, दोन्ही टाक्या पंखातून एका पाइपने जोडू, म्हणजे पातळी सारखी राहील. "डाकोटात चार टाक्या असायच्या, सिलेक्टर फिरवला की कुठल्याही टाकीतून कुठलंही इंजिन." हो, पण तिथे पंप असतात. आपल्याकडे सायलेन्सरमधून एक नळी टाकीत येते, त्याच प्रेशरवर फ्युएल ढकललं जातं. दोन इंजिनांचं प्रेशर कधीच सारखं नसतं, जास्तवालं आपलं फ्युएल शेजाऱ्याच्या टाकीत ढकलत बसणार, आणि एक इंजिन बंद पडलं की मग तर विचारूच नका, एका बाजूची टाकी भरून सायलेन्सरमधून बाहेर वाहायला लागेल. मधल्या पंखात एक मोठी टाकी हाही उपाय लोक करतात, पण एवढ्या लांबून या इंजिनाला ओढता येत नाही, परत पंप आला. दोन इंजिनं, दोन टाक्या, एकमेकांशी काही संबंध नाही, त्यातच सुख आहे. काका फिटर असल्यामुळे वाद घालायला मजा येते, नुसतं "नाही होणार" म्हटलेलं त्यांना चालत नाही, कारण लागतं.

मग काम. पितळेच्या नळ्या वाकवल्या, प्रेशरची नळी वर टाकीच्या छताला, क्लंकची सरळ. क्लंकची ट्यूब अशी कापायची की मागच्या भिंतीला लागता कामा नये, थोडी फट हवी, नाहीतर तिथे चिकटून अडकते. आणि यावेळी मी क्लंकच्या ट्यूबमध्ये मध्यावर पितळी नळीचा छोटा तुकडा सरकवला. दोन्ही टोकांना मऊ ट्यूब राहते म्हणून खालीवर लोळायला हरकत नाही, पण पूर्ण दुमडून पुढे येऊ शकत नाही. दोन्ही टाक्या बादलीत बुडवून तोंडाने फुंकून बघितल्या, डावीच्या रबरी बुचातून बारीक बुडबुडे आले, स्क्रू अजून थोडा आवळला, बंद. मग फोममध्ये गुंडाळून आत. फोम नसेल तर इंजिनाच्या थरथरीने आतल्या फ्युएलचा फेस होतो आणि इंजिनाला फेस पाजला की ते खोकतं.

उंचीवर सगळ्यात जास्त वेळ गेला. टाकीची मध्यरेषा कार्ब्युरेटरच्या निडलच्या, म्हणजे फ्युएल कमी-जास्त करायच्या स्क्रूच्या, लेव्हलला किंवा किंचित खाली हवी, आणि मुख्य म्हणजे दोन्ही बाजूंना सारखीच खाली. एक टाकी जरा वर राहिली तर ते इंजिन रिच (फ्युएल जास्त) चालणार, दुसरं लीन (फ्युएल कमी), आणि तुम्ही ग्राउंडवर निडल फिरवत बसणार. डाव्या बाजूला खाली फोमचा अजून एक थर घालावा लागला. वजनाची काकांना काळजी होती, पण दहा औंस म्हणजे बाजूला साठेक सीसी जास्त, दोन्हीकडचं मिळून शंभरेक ग्रॅम. तरी सीजी, म्हणजे विमानाचा तोल, बघितला, टाक्या रिकाम्या ठेवूनच बघायचा, कारण नॅसेल पंखाच्या पुढे असतात, फ्युएल संपत जाईल तसं वजन मागे सरकतं.

रविवारी सकाळी सोलापूर रोडच्या बाजूच्या ग्राउंडवर गेलो. पुण्यात लोहगावच्या विमानतळामुळे जवळपास कुठे उडवायची सोय नाही, पहाटे उठून जावंच लागतं. इंजिनं एकेक करून ट्यून केली. टॅकोमीटरवर आधी पूर्ण लीन करून जास्तीत जास्त आरपीएम बघायचे आणि मग तिथून तीन-चारशे खाली आणायचे, रिच बाजूला. नवशिका माणूस दोन्ही इंजिनांचा आवाज एक करायच्या मागे लागतो, ते वाँव-वाँव बंद व्हावं म्हणून, आणि त्या नादात एक इंजिन लीन करून ठेवतो. आवाज थोडा वेगळा राहिला तर काही बिघडत नाही. मग मी आणि पोराने विमान उचललं, नाक जवळजवळ आकाशाकडे, काकांनी एकेका इंजिनाला फुल थ्रॉटल दिला. आरपीएम किंचित चढून तिथेच राहिले तर पास, बसायला लागले तर निडल अजून उघडायची. टाकी लांब झाल्यामुळे क्लंक आता नाक वर असताना आधीपेक्षा खाली राहतो, इंजिनाला जास्त वर ओढावं लागतं, म्हणून ही टेस्ट टाळायचीच नाही. उजवं पहिल्या झटक्यात पास, डावं थोडं बसलं, दोन क्लिक उघडल्यावर तेपण सरळ.

फ्लाइट झकास. काकांनी मुद्दाम दोन गो-अराउंड केले, पहिला बघताना माझ्याच पोटात गोळा आला, नाक वर, चाकं आत, दोन्ही इंजिनं एका सुरात. आठव्या मिनिटाला उतरले, टॅक्सी करत पार आमच्या पायाशी आणून उभं केलं. इंजिनं बंद केल्या केल्या काकांनी स्वतःच सिरिंज मागितली. दोन्हीकडून शंभराच्या वर निघालं, फरक पाच-सात सीसीचा. खिशातून छोटी डायरी काढून त्यांनी दोन्ही आकडे, तारीख, निडलचे क्लिक, सगळं लिहून घेतलं.

टाइमर मी आठ मिनिटांवर लावून दिला. काका म्हणाले एवढं शिल्लक आहे तर दहा कर की. मी म्हटलं काका, शिल्लक राहावी म्हणूनच तर टाक्या बदलल्या ना, दहा करून परत तिथेच यायचंय का. जरा वेळ कुरकुरले. जुन्या दोन टाक्या मात्र घेऊन गेले, म्हणाले नातवाच्या सिंगल इंजिनच्या ट्रेनरला चालतील, तेवढी एक ट्यूब बदलून दे.