टोपीवाली मंडळी

परवा भर दुपारी मोगऱ्याच्या कुंडीत पिवळंधमक भूछत्र दिसलं. टोपीवर पिठूळ कण, कडेला बारीक चुण्या. ही जात पावसाळ्यात कुंड्यांमधून सर्रास येते आणि बघता बघता मान टाकते. म्हणून हातातलं काम तसंच टाकून मी गॅलरीत आडवी झाले, गाल फरशीला टेकवून. टोपीखालच्या पापुद्र्यांच्या रांगा बघायच्या तर दुसरा इलाज नाही. घरच्यांना आता याचं काही वाटत नाही.

मी मातीची भूछत्रं करते. नुसती भूछत्रं नव्हेत, त्यांना हातपाय असतात. एकीच्या काखेत पिशवी आहे, भाजी महाग झाल्यासारखी उभी. एक आजोबा कमरेवर हात ठेवून कुणाची तरी वाट बघतायत.

मूळ शोधायचं तर दिवाळीच्या किल्ल्यात जावं लागेल. बुरूज, तट, दरवाजे हे दादाचं खातं. मला मावळे मिळाले, कारण बाजारातून आणलेले पुरत नसत. ओढ्याकाठची माती, आत काडी नाही, काही नाही. मावळा झकास उभा राहायचा, पगडी चढवेपर्यंत. ओली मान आणि वर हे एवढं ओझं! सकाळी बघावं तर सगळ्यांची डोकी खांद्यांत. "ही पलटण आहे की कुत्र्याच्या छत्र्या?" असं म्हणून दादाने त्यांना मागच्या बाजूला हलवलं, तोफेपासून लांब. पण अळीव उगवून आलं आणि त्या हिरवळीत माझी पलटण अशी काही शोभली, की बघायला येणारे महाराजांना सोडून तिकडेच वाकायचे. दादा दोन दिवस बोलला नाही.

मान आणि डोकं यांचं भांडण मात्र पुढे कैक वर्षं मिटलं नाही. शाडू वाळताना आकसतो, आणि तडा नेमका टोपी दांड्यावर बसते तिथेच जातो. आता दांडा आधी करून थोडा सुकू देते. टोपी आतून कोरून हलकी करते. दोन्हींवर सुईने ओरखडे काढायचे, मध्ये शाडूचीच पातळ खळ, आणि हलकेच पिळा देऊन बसवायचं. तो पिळा किती, ते बोटांनाच माहीत. मध्यंतरी पॉलिमर क्लेही करून झाली. ती नावाचीच क्ले, आहे प्लॅस्टिकचा प्रकार. ओव्हनमध्ये साधारण 130 अंशांना भाजली की काम झालं, तडा नाही की आकसणं नाही. तरी मी शाडूवर परत आले. भिजवताना वास येत नाही त्या मातीत हात घालून करायचं काय?

सुरुवातीला सगळ्या टोप्या लाल, वर पांढरे ठिपके. तसलं भूछत्र मी चित्राबाहेर कधी पाहिलेलं नाही. ते थंड मुलखातलं, बर्च आणि पाइनच्या मुळांशी संधान बांधून राहणारं. ठिपकेही रंगाचे नसतात. कोवळेपणी सगळं अंग एका पांढऱ्या आवरणात असतं, टोपी फुगताना ते फाटतं, त्याच्या या चिकटून राहिलेल्या कपच्या. जोराच्या पावसाने त्या धुऊनही जातात. आमच्याकडच्या पावसात काय टिकल्या असत्या! मग मी वारुळावरच्या अळंबीकडे वळले. करडी टोपी, मधोमध टोक, दांडा मुळासारखा खोल खाली गेलेला, वाळव्या आत जिथे तिची शेती करतात तिथपर्यंत. माझे आजोबा त्या जातीचे.

गोष्टीतल्या पीटर रॅबिट या सशाला निळा कोट चढवणाऱ्या इंग्रज लेखिका बिअट्रिक्स पॉटरबाई आधी भूछत्रंच रंगवायच्या, तीही पापुद्रे न् पापुद्रे मांडून. 1897 मध्ये बीजाणूंवरचा त्यांचा निबंध लंडनच्या लिनियन सोसायटीत, म्हणजे निसर्ग-अभ्यासकांच्या संस्थेत, सादर झाला, पण बायकांना तिथल्या बैठकीत प्रवेशच नव्हता. सशाला कोट शिवण्याआधी फरशीला गाल लावावाच लागतो, असं माझं आपलं मत.

डोळे सगळ्यांत शेवटी. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी जाणता हातच करतो, त्याचं कारण आता पटतं. टोपीवर डोळे काढले की जाहिरातीतलं बाहुलं होतं. दांड्यावर, टोपीच्या सावलीत काढले की लाजतं. अंतर जरा वाढवा, भोळं दिसेल. कमी करा, उधारी मागायला आल्यासारखं. तोंड मी कुणालाच देत नाही. तोंड आलं की ती हसायलाच लागतात, आणि सारखं हसणारं कुणी मला घरात नको असतं.

शेजारच्या चिमुरडीने हे बरोबर हेरलं. "मावशी, मग ही जेवतात कशी?"

तिला सांगितलं, आपल्याला दिसतं ते नुसतं फळ. खरं अंग जमिनीत असतं, पांढऱ्या धाग्यांचं, खातंपितं ते तेच.

"म्हणजे तू नुसती फळंच केलीस?"

तर सध्या धाग्यांच्या मागे लागलेय. शाडूचा धागा बारीक वळला की वाळून तुटतो. सुतळी शाडूत बुडवून पाहिली, ती बरी वाटते. पण एवढा पसारा ठेवायचा तर शोकेसचा खालचा कप्पाही लागणार, आणि तिथे पाहुण्यांचे कप आहेत. पाहुणे तसे फारसे येत नाहीत म्हणा.