पोटातली गोधडी

आमच्या घरातली सगळ्यात जुनी गोधडी पाहायला मागितलीत तर दाखवता येणार नाही. ती दुसऱ्या गोधडीच्या पोटात आहे. ती दुसरीही आता दिसत नाही, कारण आईने तिला आपल्या जुन्या साड्यांचं नवं तोंड लावून वरून पुन्हा दोरा घातलाय. वरची आईची, आतली आजीची आणि तिच्याही आत पणजीची, असं घरात सांगतात. पणजीचं म्हणून आत नेमकं किती कापड शिल्लक आहे ते उसवल्याशिवाय कळायचं नाही, आणि उसवायला कुणी धजत नाही. वरून चाचपलं तर मधे एक जाडसर भाग हाताला लागतो. लहानपणी थंडीत तो भाग कुणाच्या पायावर येणार, यावरून आम्हा भावंडांची भांडणं व्हायची.

आमचं गाव गडहिंग्लजच्या बाजूला. तिथे हिला वाकळ म्हणतात, आणि जरा पुढे सरकून कानडी मुलखात शिरलं की तिचीच कौदी होते. पुण्यात राहून माझ्या तोंडी गोधडी बसली, म्हणून इथेही तेच लिहितेय. आईपुढे मात्र वाकळच म्हणावं लागतं, नाहीतर ‘पुण्याच्या बाई आल्या’ असं ऐकून घ्यावं लागतं.

अलीकडे गोधडीला बरे दिवस आलेत. प्रदर्शनांत तिचा वेगळा स्टॉल असतो, दिवाणखान्यात सोफ्याच्या पाठीवर ती डौलात पसरलेली असते. मला त्याचं वाईट वाटत नाही. किंमत ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा सुई हातात घेऊन बसावं, मग बोलावं. त्या पैशातून कुणा बाईच्या हाताला मजुरी मिळत असेल तर उत्तमच. माझं भांडण आहे ते जपणुकीशी. आमच्या एका नातेवाइकांनी आईला प्रेमाने सुचवलं, की ही एवढी पिढीजात वस्तू रोज पांघरून फाडू नका, काचेच्या चौकटीत बसवून भिंतीवर लावा. आई म्हणाली, “आणि पांघरू काय, काच?”

पेटीत ठेवणं हा दुसरा प्रेमळ सल्ला. डांबराच्या गोळ्या टाका, कडुनिंबाचा पाला टाका, वरून कुलूप लावा. पण सुती कापड घडीत वर्षानुवर्षं पडून राहिलं की घडीवरच तुटतं, हे जुन्या साड्या सांभाळणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असतं. पावसाळ्यात त्याला ओल धरते, आणि उंदराला तर अशी आयती खोली हवीच असते. वापरातली गोधडीही विरतेच म्हणा. पण ती विरताना डोळ्यांसमोर असते. कुठला टाका सुटला, कुठे भोक पडलं हे रात्री पायाच्या अंगठ्यालाच कळतं. अंगठा एकदा त्या भोकात गेला की दुसऱ्या दिवशी ठिगळ लागतं. ठिगळांनी भागेनासं झालं की अख्खी गोधडी नव्या तोंडाच्या आत जाते. आमच्याकडे तरी जपणूक म्हणतात ती याला.

शिवायचा हंगाम उन्हाळ्याचा. सुगी आटोपलेली, पेरणी लांब, दुपारी उन्हामुळे बाहेर कुणी पडत नाही. चैत्र-वैशाखात सोप्यातली जमीन सारवून घ्यायची आणि त्यावर अस्तर ताणून पसरायचं. चारी कोपऱ्यांवर वजन हवं, म्हणून वरवंटा, वजनाची मापं, भरलेली कळशी, जे सापडेल ते. या कामात एक हिशेब असायचा, तो मला मोठेपणी उमगला. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. त्याचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक तुकडा दोन मीटरचा, एका माणसाला अंगभर पुरेल एवढा लांब. दोन तुकडे शेजारी शेजारी जोडले की खालचं अस्तर झालं, उरलेले दोन जोडले की वरचं तोंड. एका लुगड्यात एक गोधडी. आईच्या पिढीत सहावारी आली. तिचं कापड साडेपाच मीटर. अस्तर निघून उरतं त्यात तोंड पुरं होत नाही, मग त्याला दुसऱ्या साडीची जोड द्यावी लागते. आजीच्या गोधड्या एकरंगी आणि आईच्या रंगीबेरंगी, यामागे आवडनिवड फारशी नाही, मापाचा फरक आहे.

अर्थात लुगडंही धड कुठे मिळायचं? नऊवारीचा मधला भाग आधी झिजतो, कारण बाई त्यावर बसते, शेतात त्यावर खुरपते. तो विरला की तेवढा कापून टाकून दोन्ही टोकं जोडायची, म्हणजे लुगड्याला दंड घालायचा, आणि आणखी दोन वर्षं नेसायचं. दंडही फाटला की मगच ते वाकळीच्या वाट्याला यायचं. म्हणून चार तुकड्यांपैकी एखादा नेहमी लंगडाच असायचा, आणि त्याच्यावर धोतराचं, सदऱ्याचं, खणाच्या चोळीच्या बाहीचं ठिगळ बसायचं. आज आपण त्या ठिगळांत रंगसंगती शोधतो. आजीने शोधलं होतं ते फक्त भोक.

पोटात काय जायचं याला मात्र कडक नियम होते. आजोबांची धोतरं पहिल्या मानाची, कारण ती लांब, पातळ आणि धुऊन धुऊन मऊ झालेली. मग परकर, उशांचे अभ्रे, मुलांचे सदरे. सदऱ्याची कॉलर, मनगटाची पट्टी, बटणांची पट्टी, जाड शिवणी आधी कापून काढायच्या, कारण सुई तिथे अडते. बटणं पत्र्याच्या डब्यात. कॉलरी कंदिलाच्या काचा पुसायला. राहिलेलं कापड हाताने ताणत, सुरकुती मोडत थरावर थर पसरायचं. थर किती, ते सुई ठरवते. ती एका दाबात वरून खाली जाऊन परत वर आली पाहिजे. जुनी गोधडी पोटात घालायची असेल तर बाकीचे थर कमी करावे लागतात, नाहीतर बोटांची चाळण होते. अंगुस्तान आमच्याकडे होतं, पण बायका ते घालत नसत. बोटाला चिंधी गुंडाळायच्या.

मग लांब लांब कच्चे टाके घालून थर जागच्या जागी धरायचे, आणि कडेने खरा दोरा सुरू. कडेची एक फेरी झाली की तिच्या आत बोटभर अंतरावर दुसरी, तिच्या आत तिसरी, असं चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत. आजी एका बाजूला, आत्या दुसऱ्या, शेजारची काकू तिसऱ्या. जसजसा दोरा पुढे जाईल तसतशा बायका शिवून झालेल्या भागावर सरकून बसायच्या. नव्या गोधडीवर पहिल्यांदा कोण बसलं, असा प्रश्न तिथे निघतच नसे.

कुणाचा टाका कोणता हे आजही ओळखू येतं. आत्याचा घट्ट आणि बारीक, तांदळाएवढा. आजीचा जरा लांब, पण ओळीतून तसूभर हलणार नाही. आईचा लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातला टाका अजून एका कोपऱ्यात आहे, तो पाहून आत्या आजही हसते. तेव्हा आजी म्हणाली होती, “टाका घालतीस का टांगा टाकतीस?” आईला राग आला होता आणि तिने तो ओळीत व्यवस्थित शिवून ठेवला. त्याच्या पुढचे टाके एकदम बारीक आहेत.

गोधडीबद्दल लिहिताना ‘मायेची ऊब’ हे दोन शब्द लिहिले नाहीत तर गुन्हा धरतात. मी एकदाच लिहिते आणि सोडते. आजीचं आमच्यावर प्रेम होतं, पण ती वाकळ शिवायची कारण घरात माणसं दहा आणि पैसे कमी. आणि ऊब, ती आधी हवेची असते. थरांच्या मधे हवा अडकते, ती अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. हाताचा धावदोरा जरासा ओढला की टाक्याटाक्यांमधे कापडाला बारीक चुण्या पडतात आणि त्या चुण्यांत हवा राहते. मशिनीच्या शिलाईत वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा एकमेकांत अडकून थरांना दाबून धरतात. गोधडी चपटी, कडक होते, पुठ्ठा पांघरल्यासारखं वाटतं. शिवाय हाताचा दोरा कात्रीने एका जागी कापून सरळ ओढून काढता येतो, कापडाला इजा न होता. मशिनीची शिलाई उसवताना जुनं कापड तिच्यासकट फाटतं. जी वस्तू पुढे कधीतरी उसवायची, जोडायची, दुसरीच्या पोटात घालायची आहे, तिला हाताचाच टाका लागतो.

असं विचार करून शिवणाऱ्या बायका फक्त आमच्याच नाहीत. बंगालच्या कंथेसाठी साडीच्या काठातून रंगीत धागे ओढून काढून त्यांनीच नक्षी भरायची रीत होती. आणि आमच्यापासून फार लांब नाही, कर्नाटकातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या जंगलपट्ट्यात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले. त्यांतल्या कितीतरी जणांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलं आणि तिथून निसटून ते रानात शिरले. त्यांच्या बायका शिवतात ती कवंद. तीही एका कोपऱ्यापासून सुरू होऊन कडेकडेने मध्याकडे जाते. शेवटी चारी कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुलं लावतात, ती लावल्याशिवाय कवंद उघडीबोडकी समजली जाते. आमच्या वाकळीला फुलं नसतात. आमच्या बायका शेवटचा टाका घालून दोरा दाताने तोडायच्या आणि चहा ठेवायला उठायच्या.

लोक म्हणतात, आजकालच्या बायकांना वेळ नाही म्हणून गोधडी मागे पडली. वेळेचं काय, मालिका बघत शिवता येते. खरी अडचण कापडाची आहे. नायलॉनच्या आणि पॉलिस्टरच्या साड्या घरात आल्या, त्या धुवायला सोप्या, रंग जात नाही, इस्त्री नको. बायकांनी त्या आनंदाने नेसल्या आणि का नेसू नयेत? पण गोधडीत त्या घातल्या की थर एकमेकांवरून घसरतात. घाम टिपला जात नाही. चुलीची ठिणगी पडली तर सुतीला भोक पडतं, नायलॉन वितळून अंगाला चिकटतं. वरच्या तोंडाला लोकांनी ती वापरली, कारण रंग झगझगीत राहतो, पण मग आतलं सूत विरून त्याचे गोळे होतात आणि वरची साडी कालच घेतल्यासारखी हसत असते. पुरुषांची धोतरं तर संपलीच. टी-शर्टचं कापड ताणलं जातं, टाका घातला की गोळा होतं.

उरल्यासुरल्या सुतीवर बोहारणीची नजर. पाटी-टोपली घेऊन दारात येणारी बोहारीण आणि वाकळ यांचं हाडवैर मी लहानपणापासून पाहिलंय. तेच जुनं लुगडं द्यायचं आणि पातेलं घ्यायचं, की ठेवायचं आणि शिवायचं? आजी ठेवायची. तिच्या घरात भांडी कमी होती आणि पांघरुणं भरपूर, याचा जावांमधे टोमणा असायचा. पाहुणे आले की ताटं शेजारून आणायची, पण झोपायला कुणाला कमी पडलं नाही.

नवरात्र जवळ आलं की मात्र या श्रीमंतीचा सूड उगवायचा. घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन निघालं पाहिजे, याला सूट नाही. हिरण्यकेशीच्या काठावर आख्ख्या गावाच्या वाकळी. कोरडी वाकळ एकटी बाई खांद्यावर नेते, ओली दोघींना उचलत नाही. दोघी दोन टोकांना उभ्या राहून उलटसुलट पिळायच्या, आणि मधे आम्ही पोरं पाणी अंगावर घ्यायला. पुण्यात नदीवर कोण जाणार. आमच्या मशीनमधे ओली गोधडी घातली तेव्हा ती गरगर फिरायच्या ऐवजी स्वतःच चालायला लागली. आता मी गच्चीवर पायाने तुडवून धुते. सोसायटीचा नियम आहे की बाल्कनीबाहेर कपडे वाळत घालू नयेत. गोधडी हे कपड्यात मोडतं की नाही यावर दरवर्षी चर्चा होते आणि तेवढ्यात ती वाळते.

यंदा वैशाखात आईची गोधडी पुन्हा झाकायची आहे. तिच्या वरच्या साडीचा काठ सुटलाय, आणि भाचीच्या बाळासाठी दोन दुपटीही हवीत. दुपट्याला नवं कापड चालत नाही, बाळाच्या अंगाला टोचतं, म्हणून त्यासाठीही जुनं सुतीच शोधायचं. आत्या येईन म्हणालीय. तिला आता सुईत दोरा ओवता येत नाही, पण एकदा ओवून दिला की तिचा टाका आहे तसाच पडतो. वरच्या तोंडाला कुणाची साडी घालायची यावर फोनवर वाद चालू आहेत. आईने आपलं हिरवं इरकल द्यायला साफ नकार दिला. “मी नेसतीय अजून ते,” म्हणाली. शेवटी माझ्या दोन सुती साड्या ठरल्या. म्हणजे उद्या कुणी दाखव म्हटलं तर आईचीही दिसणार नाही.

बोहारीण परवाच येऊन गेली. “ताई, सुती काही?” मी म्हटलं, यंदा सुती नाही. “मग नायलॉनचं तरी द्या की.” ते गठ्ठाभर निघालं. पुढचं आईने हातात घेतलं आणि बरीच घासाघीस करून त्यावर स्टीलचं मोठं घमेलं मिळवलं. नवरात्राआधी गोधड्या भिजवायला होईल, म्हणाली.