तिरक्या कापाची खूण

त्या उतारावर वेडेलिया, म्हणजे जमीन झाकणारी ती पसरट वेल, लावली ती मीच. बागांची देखभाल हा माझा धंदा, आणि उतारावरची माती पावसात वाहून जात असेल तर काय लावायचं याचं माझं उत्तर ठरलेलं होतं. दोन-तीन पेरांची कटिंग्ज घ्यायची, पावसाच्या तोंडावर फूट-फूट अंतरावर ओल्या मातीत खोचायची. पिशवीत रोप वाढवायला नको, खत नको. बघता बघता प्रत्येक पेराला मुळं फुटतात, तुकतुकीत पानं पसरतात आणि पिवळी फुलं वर्षभर येत राहतात. ऊन असो, अर्धवट सावली असो, पाणी साचलेली जागा असो, तिला सगळं चालतं. समुद्रकाठच्या खाऱ्या मातीतही ती तग धरते. तो उतार नवीन गिऱ्हाइकांना मी मुद्दाम नेऊन दाखवायचो.

चौथ्या वर्षी ती पायवाटेवर आली आणि कुंपणाच्या झुडपांत शिरली. तक्रार आल्यावर मी दोन माणसं ब्रश कटर, म्हणजे फिरत्या पात्याचं झुडपं कापायचं यंत्र, देऊन पाठवली. संध्याकाळपर्यंत गुडघाभर माजलेला गालिचा घोट्याएवढा झाला होता. कापलेला ढीग उताराच्या पायथ्याशी, ओढ्याकडेला रचायला मीच सांगितलं. तिथेच कुजेल, वाहतूक वाचेल, असा माझा हिशेब. पंधरा दिवसांनी पाऊस लागला.

तो दिवस आला पावसाळा सरल्यावर. ओढ्याकाठच्या वनस्पतींची नोंद ठेवणाऱ्या एक बाई आहेत, वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. सकाळी त्यांचा फोन आला. "माणसं पाठवू नका, तुम्ही स्वतः या. आणि गमबूट घाला."

उताराच्या पायथ्यापासून आम्ही पाण्यातून खाली चालू लागलो. पहिल्या वळणावर वाळूच्या पट्ट्यावर पिवळी फुलं दिसली. पुढे दोन दगडांच्या बेचक्यात, मग उंबराच्या उघड्या मुळांवर, मग पडलेल्या खोडाच्या आडोशाला. पाण्याला जिथे जिथे अडथळा होता तिथे तिथे ती होती. मी म्हणालो, "बी वाहून आलं असेल." बाई काही बोलल्या नाहीत. वाकून त्यांनी एक वेल मुळांसकट अलगद सोडवली, पाण्यात धुतली आणि तिचं जुनं टोक माझ्या तळहातावर ठेवलं.

ते टोक काळं पडलं होतं, पण काप सफाईदार होता. तिरका, स्वच्छ, एका झटक्यातला. हाताने तुटलेली वेल अशी दिसत नाही, तिचे धागे लोंबतात. हा पात्याचा काप होता. त्याच्या पुढच्याच पेरातून मुळांचा झुपका निघाला होता आणि त्यातून तीन नवे फुटवे. दुसरी वेल उपटली, तिसरी उपटली. सगळीच टोकं शाबूत नव्हती, पण जिथे होती तिथे तोच काप. त्या काठावर उभा असताना माझ्या तोंडून शब्द फुटेना. एक झाड कापून मी हजार झाडं ओढ्यात सोडली होती.

बाई मग शांतपणे सांगत गेल्या. हिला रुजणारं बी फार कमी धरतं, ती पसरते मुख्यतः खोडाच्या तुकड्यांवर. पेर असलेला तुकडा म्हणजे नवं झाड. मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागापर्यंत आणि कॅरिबियन बेटांवर तिचं मूळ घर. ऑस्ट्रेलियात तिला सिंगापूर डेझी म्हणतात, पण सिंगापूरशी तिचा मुळाचा संबंध नाही. बागवाल्यांनी जमीन झाकायला म्हणून ती जगभर नेली आणि बागेतला कचरा जिथे जिथे टाकला गेला तिथून ती रानात उतरली. जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा १०० आक्रमक प्रजातींची जी यादी आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या तज्ज्ञांनी केली, तिच्यात हिचं नाव आहे. इतकी वर्षं मी हे झाड हाताळतो आहे आणि यातलं काही मला ठाऊक नव्हतं. नाव तरी कुठे धड ठाऊक होतं? नर्सरीत आजही वेडेलियाच म्हणतात, शास्त्रज्ञांनी मात्र १९९६ मध्येच तिला स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा या नावाखाली नेलं.

बाईंनी गालिच्याची कड धरून चटईसारखी वर उचलली. खाली नुसती माती. गवताची काडी नाही, रोप नाही. उतारावर हेच दृश्य मी "तण येत नाही" म्हणून कौतुकाने दाखवत असे.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढच्या पाणथळ जागेवर. तिथे पिवळ्या माक्याचा एक ताटवा होता. बाई त्याची नोंद कित्येक वर्षं ठेवत होत्या. हा आशियातला, वेडेलियाचा सख्खा भाऊबंद, फूल इतकं सारखं की माझ्यासोबत आलेले आमचे जुने माळीकाका म्हणाले, "अहो बाई, हे सगळं एकच की." बाईंनी दोन्हींची पानं त्यांच्या हातात दिली. वेडेलियाचं पान जाड, चकचकीत, बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना एकेक दात पुढे येऊन तीन भागांचं झालेलं. माक्याचं अरुंद, लांबट, त्याला असे भाग नाहीत आणि बोट फिरवलं की खरखरीत लागतं. काकांनी डोळे मिटून दोन्ही पानं चाचपली आणि मान डोलावली. दक्षिण चीनमध्ये या दोघांचा संकर रानात सापडला आहे, हेही बाईंनी तेव्हाच सांगितलं. म्हणजे वेडेलिया माक्याची जागा तर घेतेच, त्याच्या वंशातही मिसळू शकते. ताटव्याच्या अर्ध्या भागात वेली शिरल्या होत्या.

दुपारी मी सहा माणसं बोलावली. त्यांना जिथे दाट आहे तिथून सुरुवात करायची होती. मी वरून सुरुवात करायला लावली, कारण वरचा ढीग जागेवर असेपर्यंत खालचं सगळं काम फुकट. पाण्यात आडवी जाळी बांधली, सुटलेले तुकडे अडावेत म्हणून. ब्रश कटर गाडीतच ठेवला. खुरप्याने एकेक पेर सोडवायचं, वेल ओढून तोडायची नाही, हातातला तुकडा सरळ पोत्यात. माक्याच्या ताटव्यात फक्त काका आणि बाई बसले. काका प्रत्येक पानावर अंगठा फिरवून मगच खुरपं लावत होते. अंधार पडेपर्यंत तो ताटवा मोकळा झाला आणि ओढ्याचं एक वळण झालं. एकच वळण. पुढे महिनोन्महिने आम्ही येतच राहिलो, कारण मातीत राहिलेलं एखादं पेर पुन्हा डोकं काढतंच.

उताराचा प्रश्न अवघड होता. सगळी वेडेलिया एकदम काढली तर माती उघडी पडणार, आणि ती मातीही ओढ्यातच जाणार. म्हणून वरून एकेक पट्टा काढायचा, त्यात वाळा आणि तिथलंच गवत लावायचं, ते धरलं की पुढचा पट्टा, असं ठरलं. गिऱ्हाइकाला मी सगळं जसं घडलं तसं सांगितलं आणि त्या कामाचे पैसे घेतले नाहीत. हल्ली कुणी म्हणतं, ओढ्याजवळ नको तर निदान कुंडीत लावा. मी तीही लावत नाही. कुंडीतली वेल कधीतरी छाटावी लागते आणि छाटलेलं कुठे जातं ते मी पाहिलं आहे.

त्या दिवशीची सतरा पोती आम्ही शेडमध्ये तोंड बांधून ठेवली होती. तीन आठवड्यांनी मी एकाची गाठ सोडली. वरची पानं पिवळी पडून लगदा झाली होती. हात खाली घातला तर बोटांना काहीतरी गार, ताठ लागलं. अंधारात, मातीचा कण नसताना, पेरांना पांढरी मुळं फुटली होती. मी गाठ पुन्हा घट्ट बांधली, सतराही पोती उन्हात काँक्रीटवर काळ्या प्लॅस्टिकखाली नेऊन ठेवली आणि उघडायची तारीख भिंतीवर खडूने दोन महिने पुढची लिहिली.