दिवा लावायचाच नाही, मग तिथे माणसं कशाला?

मॅट्सायकर बेटावरून परत आल्यापासून होबार्टमधली मराठी मंडळी असोत की रत्नागिरीहून येणारे फोन, प्रश्न एकच: तिथल्या दीपगृहाचा दिवा तर बंद आहे ना, मग सहा महिने तुम्ही दोघांनी केलंत तरी काय? तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

मॅट्सायकर टास्मानियाच्या दक्षिण किनाऱ्यापासून दहाएक किलोमीटर समुद्रात आहे. ऑस्ट्रेलियातलं सगळ्यात दक्षिणेचं दीपगृह तिथलंच, १८९१ सालचं. १९९६ मध्ये जुना दिवा विझला आणि जवळच एक लहानसा स्वयंचलित दिवा बसला. जहाजांसाठी तो पुरेसा आहे, त्याला आमची काही गरज नाही. पण विटांचा मनोरा, रखवालदारांची जुनी घरं, वाटा, पाण्याच्या टाक्या हे सगळं अजून उभं आहे. ते राखायला तिथलं राष्ट्रीय उद्यान खातं दर सहा महिन्यांनी दोन स्वयंसेवक पाठवतं. पगार नाही, शिधा आपला आपण न्यायचा. सप्टेंबर ते मार्च ही पाळी आमची होती.

केलं काय, तर ओल पुसली. खरंच, कामाचा मोठा वाटा हाच. मनोऱ्याच्या भिंतींना आतून घाम फुटतो, वरच्या काचघरातून पाणी झिरपतं, ते पायऱ्यांवर साचतं, आणि चार दिवस कुणी फिरकलं नाही की लोखंडाला गंज धरलाच. रोज फडकी आणि बादली घेऊन वर जायचं, पिळायचं, पुसायचं, पुन्हा खाली. मी कोकणातली. मिठाला पाणी सुटणं, कपाटातल्या कपड्यांना वास येणं, हे लहानपणापासून पाहिलेलं. पण आपल्याकडे गणपती झाले की पाऊस आवरतो. तिथे वर्षातले बहुतेक दिवस पाऊस असतो आणि दक्षिण महासागरावरून येणाऱ्या वाऱ्याला वाटेत अडवायला जमीनच नाही.

ओल संपली की गवत. उन्हाळ्यात ते असं माजतं की हेलिकॉप्टर उतरायची जागा कापून वाटेच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिलं टोक पुन्हा वाढलेलं. शिवाय पन्हाळी साफ ठेवायच्या, कारण छपरावरचं पाणीच प्यायचं. गंज खरवडून रंग लावायचा. ही कामं सांगायला कंटाळवाणी वाटतील, करताना वाटली नाहीत.

माझं आवडतं काम हवामानाच्या नोंदीचं. वारा आणि तापमान यंत्र मोजतं, पण आकाशाकडे बघायला माणूस लागतो. आकाशाचे मनाने आठ भाग करायचे आणि त्यातले किती ढगांनी झाकलेत ते लिहायचं. ढग कुठल्या जातीचे, किती उंच, समुद्र कसा, किती लांबचं दिसतंय. पहिल्या आठवड्यात मला सगळे ढग राखाडीच दिसत. डिसेंबरात मी खिडकीतून एक नजर टाकून ‘सात’ म्हणायला लागले आणि बाहेर जाऊन मोजलं की सातच भरायचे.

इंटरनेट नव्हतं, टीव्ही नव्हता. जेवणाचं विचाराल, तर तांदूळ, डाळी, पोह्यांवर आमचं छान चाललं. ताजं म्हणजे परसातला पाला आणि मोड आलेली मटकी. सामान नेण्याआधी बुटांच्या तळव्यातली माती आणि पिशव्यांच्या शिवणीतलं बी सुईने काढलं होतं, कारण बेटावर बाहेरचं रोप रुजता कामा नये. पूर्वी आलेली न्यूझीलंडची हीबीची झुडपं आजही स्वयंसेवक उपटतायत.

आणि पक्षी. आखूड शेपटीचे शीअरवॉटर, तिथे त्यांना मटनबर्ड म्हणतात. उत्तर पॅसिफिकमधून हजारो मैल उडून सप्टेंबरअखेर ते येतात, जमिनीत बिळं करतात, जोडीमागे एकच अंडं. दिवसभर समुद्रावर, अंधार पडला की हजारोंनी बिळांकडे. उजेडाने ते भांबावतात, म्हणून संध्याकाळी दीपगृहाच्या रखवालदारांचं पहिलं काम म्हणजे घराचे पडदे गच्च ओढणं.

एका रात्री स्वयंपाकघराचा पडदा माझ्याकडून दोन बोटं उघडा राहिला. धप्प आवाज झाला. खाली गवतात एक पक्षी पंख अर्धवट पसरून पडलेला. टॉवेलात उचलला तर जेमतेम अर्धा किलो, आणि छाती इतक्या जोरात धडधडत होती की ती माझ्या तळव्यांना कळत होती. खोक्यात ठेवला, दिवसभर अंधाऱ्या खोलीत. माझा जोडीदार दर तासाला दाराशी जाऊन कान लावून येई, मी कामात मन घालायचा प्रयत्न करत होते. दुसऱ्या रात्री उतारावर नेऊन खोकं आडवं केलं. बराच वेळ तो हललाच नाही. मग वाऱ्याची झुळूक आली, त्याने पंख उघडले आणि गेला.

मार्चमध्ये पुढची जोडी हेलिकॉप्टरने आली. निरोपाला दोनच दिवस हातात होते. मी त्यांना आधी तो पडदा दाखवला, कडीला दोरी कशी अडकवायची तेही. मग मनोऱ्यात नेलं, जिथे पाणी सर्वांत जास्त साचतं ती पायरी दाखवली, आणि पिळलेलं फडकं त्यांच्या हातात दिलं.