चार मिनिटं वाचतील म्हणे

पुण्याहून गुहागरला कसं जायचं, कुठे उतरायचं, मोदक कुणाकडे चांगले मिळतात, यातलं काहीही या लेखात नाही. ते नेटवर ढिगाने आहे. समुद्र नेहमीसारखा देखणा होता, व्याडेश्वराच्या देवळात गार वाटलं, वेळणेश्वरला दुपारी ऊन मी म्हणत होतं, आणि जिथे उतरलो तिथल्या काकूंनी फणसाची भाजी अशी केली होती की आत्यांनी दोनदा मागून घेतली. झालं गुहागर. मला लिहायचंय ते हेदवी ते तवसाळ एवढ्याशा टप्प्याबद्दल आणि फोनमधल्या बाईंबद्दल.

बाई म्हणजे नकाशातला आवाज. आमच्या गाडीत त्यांना अहो-जाहो करतात, कारण त्या कधी चिडत नाहीत. दहा वेळा वळण चुकवलं तरी त्याच सुरात पुढचं वळण सांगतात. नवरा गाडी चालवतो, मी शेजारी बसून फोन सांभाळते, मागे त्याची आत्या. आत्यांचं मत पहिल्यापासून ठाम: "अरे, तोंड दिलंय ना देवाने? विचार की कुणाला तरी." यावर नवरा म्हणतो, विचारायला थांबलं की माणसं चहा पाजतात आणि तासभर जातो. दोघांचंही खरं आहे.

बाईंचा उपकार आधी सांगते, नाहीतर नुसतीच रडगाणी होतील. शिरवळच्या अलीकडे त्यांनी पुढचा रस्ता गडद लाल दाखवला. साताऱ्याकडे जाताना तेव्हा खंबाटकीचा घाट चढावा लागायचा, बोगदा होता तो पुण्याकडे येणाऱ्यांना. घाटात एखादा ट्रक बंद पडला की मागे रांग लागते, आणि एकदा त्या रांगेत शिरलं की ना पुढे जाता येतं ना मागे. पूर्वी हे त्या रांगेत शिरल्यावरच कळायचं. आता शिरवळलाच कळलं. आम्ही निवांत थांबलो, मिसळ खाल्ली, आत्यांचा दुसरा चहा झाला, लाल रंग फिका पडला तेव्हा उठलो. घाटात तो ट्रक कडेला घेतलेला दिसला. क्लीनर दगडावर बसून बिडी ओढत होता. एरवी त्या ट्रकमागे एसी बंद करून घाम पुसत बसलो असतो. महामार्गावर मी बाईंना पैकीच्या पैकी मार्क देते.

ही अक्कल त्यांना येते कुठून? तर त्या रांगेत अडकलेल्या लोकांच्याच खिशातून. शेकडो फोन एकाच ठिकाणी मुंगीच्या चालीने सरकतायत म्हणजे तिथे गर्दी आहे, एवढाच हिशेब. २०२० साली बर्लिनमध्ये एका कलाकाराने हातगाडीत ९९ फोन भरले आणि ती रिकाम्या रस्त्यावरून पायी ओढत नेली. नकाशावर तो रस्ता लाल! ही गोष्ट मी तेव्हा हसत हसत सगळ्यांना पाठवली होती. तिची दुसरी बाजू हेदवीच्या पुढे कळली.

त्याआधी कुंभार्ली घाट. कोयनानगर मागे पडलं, फोनची रेंज गेली, पण नकाशातला निळा ठिपका मजेत पुढे सरकत होता. नवऱ्याला याचं दर वेळी नवल वाटतं. खरं तर जीपीएसला रेंज लागतच नाही. वीस हजार किलोमीटर उंचीवरून उपग्रह सतत सांगत असतात की मी कुठे आहे आणि आत्ता किती वाजलेत. आपला फोन निदान चार उपग्रहांचं एकदम ऐकतो आणि कोणाचा निरोप पोचायला किती वेळ लागला त्यावरून स्वतःची जागा ठरवतो. तो वर काहीच पाठवत नाही, नुसता ऐकतो. ही यंत्रणा मूळची अमेरिकन लष्कराची. सामान्य लोकांसाठीचा संदेश ते मुद्दाम बिघडवून देत, शंभरेक मीटरचा फरक पडेल असा. मे २००० मध्ये ते बंद केलं. नसतं केलं, तर कुंभार्लीत आपण रस्त्यावर आहोत की शेजारच्या दरीत, याचाही पत्ता लागला नसता. रेंज लागते ती नकाशाचं चित्र उतरवून घ्यायला आणि नवा रस्ता काढायला. म्हणून घाटाआधी नकाशा फोनमध्ये साठवून ठेवा असं सगळे सांगतात. मीही सांगते, आणि स्वतः दर वेळी चिपळूणला पोचल्यावर आठवते.

असो. हेदवी.

दशभुज गणपतीचं दर्शन झालं. बामणघळीला भरतीची वेळ नव्हती, त्यामुळे कातळातल्या त्या चिरेत पाणी नुसतं गुरगुरत होतं, उडत नव्हतं. पुढे तवसाळहून जयगडची फेरी पकडायची होती. शास्त्री नदीच्या मुखावरची ही फेरी मला फार आवडते. गाडीसकट बोटीत चढायचं, पलीकडे जयगड, आणि मग गणपतीपुळे हाकेवर. फेरी नसेल तर खाडीला वळसा घालत बसा. पण मे महिना, रांग असणार, म्हणून जरा घाई होती. फोन उन्हात तापून नुसता निखारा झालेला. तो एसीच्या झोतासमोर धरून बसले होते. तेवढ्यात पडद्यावर आलं की दुसऱ्या रस्त्याने चार मिनिटं वाचतील. मी काहीही दाबलं नाही. बाईंनी आपणहून रस्ता बदलला आणि म्हणाल्या, "उजवीकडे वळा."

डांबरी संपली, खडी आली. खडी संपली, लाल माती आली. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, म्हणजे दगड रचून केलेली कुंपणं, वर काजू आणि आंबे वाकलेले, आणि गाडीच्या आरशांपासून गडगा चार बोटांवर. पुढे एक वळण. वळणावर नवऱ्याने ब्रेक दाबला.

समोर पाखाडी. कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते: पाखाडी म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यापायऱ्यांची पायवाट, वरच्या वाडीतून खालच्या वाडीत उतरणारी. पायऱ्यांवर सुकलेला पालापाचोळा, मधोमध एक कोंबडी. बाई म्हणाल्या, "सरळ पुढे जा."

मागून आत्या काही बोलल्या नाहीत. ते जास्त लागलं.

गाडी वळवायला जागा नाही, दार उघडायला जागा नाही. गडग्यापलीकडून एक काका आले. पंचा, उघडं अंग, हातात कोयती. आम्हाला बघून त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही. "मॅपवाले ना? थांबा, घाई करू नका. चाक सरळ करा आधी." आणि त्यांनी आम्हाला उलटं काढायला सुरुवात केली. "या मागं, या. जरा डावीकडं. बास बास बास! आता सरळ." हे सगळं इतक्या सफाईने, जणू एसटी डेपोत आयुष्य गेलंय. फोनमध्ये बाईंचा जप चालूच, "शक्य झाल्यास यू-टर्न घ्या." शेवटी मी त्यांचं तोंड बंद केलं.

वळणावर गडग्याचा एक कोपरा बाहेर आलेला आहे. तिथे काकांनी गाडी थांबवली आणि मला काच खाली करायला लावली. "बघा." त्या तांबड्या चिऱ्यावर गुडघ्याच्या उंचीला रंगांचे ओरखडे होते. पांढरा सगळ्यात जास्त, त्याखाली चंदेरी, एक लालभडक, एक निळा पट्टा हातभर लांब. काका बोट लावून सांगू लागले. निळा दिवाळीतला, मुंबईचे होते, नवी गाडी, गाडीतल्या बाई रडायला लागल्या. हा लाल, हा रात्री अकराला आला. आणि ही दोन चिऱ्यांची खिंड दिसते ना, ती एका मोठ्या गाडीने पाडली आणि तो थांबलासुद्धा नाही. चिरे अजून तिथेच गवतात पडलेले. "गडी मिळत नाही बांधायला," काका म्हणाले. त्यांचा राग गाडीवाल्यांवर होता की गडी न मिळण्यावर, ते कळलं नाही.

बाहेर निघाल्यावर त्यांनी पाणी दिलं, मग कोकम सरबत दिलं. आत्या आणि त्यांची काजूच्या भावावरून छान गट्टी जमली. म्हणजे तासभर गेलाच. वर आत्यांना बोलायची संधी मिळाली ती वेगळी.

सरबत पिताना मी फोन उघडून पाहिला. निळा ठिपका बरोबर होता, दोन गडग्यांच्या नेमका मधोमध. वीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहांनी त्यांचं काम चोख केलं होतं. आपण कुठे आहोत हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. आपण ज्यावर उभे आहोत ते काय आहे, हे ठाऊक नव्हतं. नकाशावर ती पाखाडी एक बारीक पांढरी रेघ होती, शेजारच्या डांबरीसारखीच. रुंदी नाही, चढ-उतार नाही, पायऱ्या तर नाहीच. आणि चार मिनिटं कुठून वाचत होती तेही मला तिथेच सुचलं. मुख्य रस्त्यावर गाड्या आहेत, त्या हळू चालतायत, हे बाईंना दिसतं. पाखाडीवर कोणी नाहीच, म्हणजे अडथळा नाही, म्हणजे रस्ता मोकळा! त्या बर्लिनच्या हातगाडीचं हे उलटं टोक. जिथे शेकडो माणसं आहेत तिथे त्या इंच-इंच सांगतात, आणि जिथे आपण एकटेच आहोत तिथे काही ठाऊक नसताना त्याच आवाजात, त्याच खात्रीने बोलतात. आवाज तरी जरा कापावा की नाही? "बहुतेक उजवीकडे असावं" एवढं म्हटलं तरी माणूस सावध होतो. वाडीतलं शाळकरी पोरसुद्धा ठाऊक नसेल तर "आमच्या बाबांना विचारा" म्हणतं.

आमचं सरबतावर निभावलं. सगळ्यांचं निभावत नाही. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात पुण्याहून कळसूबाईला निघालेली एक गाडी रात्री नकाशाच्या भरवशावर अशा पुलावर गेली, जो धरणाच्या पाण्याखाली होता. एकाचा बुडून मृत्यू झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटक्या पुलावरून गाडी खाली गेली, तिघे गेले. तो पुराने तोडलेला पूल. दोन्ही ठिकाणी कधीकाळी रस्ता होता, म्हणजे रेघ खोटी नव्हती, फक्त शिळी होती. आपल्याकडे वरंधचा घाट पावसाळ्यात बंद होतो, दरड कोसळली की दुसरा कुठला तरी होतो, आणि सूचना निघते ती कागदावर. ती नकाशात कोण चढवणार? तिथे कुणी आडवा बांबू आणि लाल फडकंही लावत नाही हा नकाशाचा दोष नाही, हेही सांगून टाकते. आपल्याकडे सगळा राग एकाच फोनवर काढायची सोय झाली आहे.

काकांनी निघताना विचारलं, "तुम्हाला येतं ना फोनमधलं? मग तेवढं पुसून टाका की." नकाशात दुरुस्ती सुचवायची सोय असते, म्हणून मी तिथेच प्रयत्न केला. रेंजची एक काडी. ती विहिरीच्या कठड्याजवळ मिळते असं काकांची सून म्हणाली, म्हणून तिकडे उभी राहिले, पाखाडीचा फोटो काढला, गाडीसाठी रस्ता नाही असं लिहिलं आणि पाठवलं. काकांना वाटलं पुसलं. तपासून कळवतात असं मी सांगितलं, तर म्हणाले, "तपासायला येणार आहेत? या म्हणावं, लहान गाडी आणा."

कोणी येणार नव्हतंच. फेरीची रांग, जयगड, पुळ्याची गर्दी, तिथलं भयंकर पार्किंग, आंबा घाटातून परत, घरी. बऱ्याच दिवसांनी निरोप आला की आपली सूचना स्वीकारता आली नाही. कारण दिलेलं नव्हतं. मी परत पाठवली आहे. एकाच जागेबद्दल बऱ्याच जणांनी कळवलं तर ऐकतात असा माझा अंदाज आहे, म्हणून तवसाळला जाणाऱ्यांनो, हेदवी सोडल्यावर डांबरी सोडू नका, आणि सोडलीत तर निदान विहिरीजवळ उभं राहून तक्रार तरी करा.

गणपतीच्या आधी काकांचा फोन आला. मी नंबर दिला होता हे विसरलेच होते. मुंबईकर यायला लागलेत, काल एकाच दिवशी तीन गाड्या उलट्या काढल्या, आता पाठ धरली आहे, काही झालं का तुमच्या त्या अर्जाचं? नाही म्हटलं. मग म्हणाले, फळा रंगवून घेतो, काय लिहू सांगा. मी म्हटलं, लिहा की, पुढे रस्ता नाही.

"अहो, तसा लावला होता पूर्वी," ते म्हणाले. "लोक वाचतात आणि म्हणतात, मॅपमध्ये तर आहे."

शेवटी आत्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि मजकूर सांगितला: मॅप चुकला आहे, मागे फिरा. काकांना तो पसंत पडला. फक्त त्याखाली 'गडगा पाडल्यास भरून द्यावा लागेल' असंही घालायचं म्हणाले. फळा गुहागरात रंगवायला दिला आहे.